सी ए टी कॅट, आणि पुढे?

दुपारच्या वेळी खानदेशातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यातून चक्कर मारा, एका तरी वर्गातून हा सूर कानावर येणारच. "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर." सूर पक्का, ठेका पक्का, एकही पोरगं अडखळत नाही. साहेब भेटीला आले की हेच म्हणून दाखवायचं, तेही खूश, आपणही खूश. मग मी फळ्यावर एम-ए-टी लिहिते आणि विचारते, हे काय? वर्ग चिडीचूप. एखादा धीट पोरगा म्हणतो, "मॅडम, हे अजून घेतलं नाही."

त्या "घेतलं नाही" मध्ये सगळं आलं. वाचता येणाऱ्याला शब्द "घ्यावा" लागत नाही. मराठीत दुसरी-तिसरीतल्या मुलाला "खडबड" हा शब्द कधी दाखवला नसला तरी तो वाचतो, कारण त्याच्या हातात बाराखडी आहे. इंग्रजीत त्याच्या हातात फक्त गाणं आहे.

मी शिंदखेडा तालुक्यात सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात, काही जण भिली. शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी, आणि या सगळ्यांनंतर इंग्रजी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं, म्हणजे सहावीत माझ्याकडे येणाऱ्या पोराने पाच वर्षं इंग्रजीचा तास बघितलेला असतो. कविता पाठ असतात, रंगांची नावं पाठ असतात, "मे आय कम इन मॅडम" तर झोपेतही म्हणतील. पण न पाहिलेली चार ओळींची गोष्ट समोर ठेवली की पाच वर्षांचा हिशेब लगेच कळतो.

गाण्याची गडबड कुठे आहे ते सांगते. मराठीत अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. "क" ला आपण "क" म्हणतो आणि तो वाजतोही "क". त्यामुळे पोराला वाटतं, इंग्रजीतही तसंच असणार. तिथे अक्षराचं नाव "सी", आवाज कधी "क" तर कधी "स". "एच" या नावात "ह" कुठेच नाही. "डब्ल्यू" मध्ये "व" शोधून सापडत नाही. सी, ए, टी ही तीन नावं जोडून कुणीही प्रामाणिकपणे "सीएटी" म्हणेल, "कॅट" नाही. पोरं जे करतात ते वाचन नव्हे, पाठांतर आहे, आणि पाठांतरात आपली पोरं कुणाला हार जात नाहीत.

शिवाय 26 अक्षरं आणि आवाज साधारण 44. एकट्या "ए"चे किती अवतार: कॅट, केक, कार, कॉल, अबाउट. हे सगळं एकदम पोरासमोर ओतलं तर ते पळणारच. म्हणून मी नव्या वर्गाबरोबर सुरुवातीला सहाच अक्षरं घेते: एस, ए, टी, पी, आय, एन. ही माझी युक्ती नव्हे, आवाजावरून वाचन शिकवणाऱ्यांची जुनी रीत आहे. पण सहा अक्षरांत केवढा माल निघतो बघा: टॅप, पॅन, पिन, टिन, सिट, अँट, पँट, स्पिन. यातले पॅन, पिन, टिन, पँट हे शब्द तर आमच्या गावच्या आजीबाईंच्याही तोंडी आहेत. कपाशीच्या बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी पत्ते केलेत, एका पत्त्यावर एक अक्षर. पोरं ते जमिनीवर सरकवत सरकवत जोडतात.

जोडताना आमच्याकडे एक हमखास अडचण येते. "प", मग "अ‍ॅ", मग "न" असं म्हणत पोरगं "पअ‍ॅन" वर येऊन अडकतं. बरोबरच आहे, देवनागरीतल्या "प" च्या पोटात "अ" बसलेला असतोच. इथे मला इंग्रजीच्या कुठल्याही हस्तपुस्तिकेपेक्षा आपलं व्याकरण कामाला आलं. मी सांगते, "पोरांनो, इंग्रजीतल्या सगळ्या व्यंजनांचे पाय मोडलेले असतात." पाय मोडणं त्यांना माहीत आहे. "जगत्" लिहिताना "त" चा पाय मोडतात, मग "पॅन" मधल्या "प" चाही मोडा. लगेच "प्‌-अ‍ॅ-न्‌", आणि दोन-तीनदा भरभर म्हटलं की "पॅन". पुढे शेवटचा मुका "ई" येतो, टॅपचा टेप करणारा, पिनचा पाइन करणारा. पोरं त्याला "लांबून चावी फिरवणारा" म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. वर्गात मी मधूनच खोटे शब्दही देते, "नॅस", "सिन्ट", "टॅस" असले काहीही. खोटा शब्द वाचता आला म्हणजे पाठांतर संपलं आणि वाचन सुरू झालं, एवढी सरळ चाचणी आहे ती. एकदा एका पालकांनी वही बघून विचारलं, "मॅडम, डिक्शनरीत हा शब्दच नाही." नसणारच!

आता गाईडबद्दल बोलते, कारण त्यावर माझा राग आहे. बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्ये इंग्रजी ओळीच्या खाली तीच ओळ देवनागरीत छापलेली असते. ज्याच्याकडे गाईड नाही त्याच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेली असते, बहुतेक मोठ्या बहिणीच्या अक्षरात. त्या पोराला वाचायला सांगा, घडाघडा वाचेल. त्याच्या डोळ्यांकडे बघा, ते खालच्या ओळीवरून चाललेले असतात. दोन लिप्या एकाखाली एक असतील तर सोपी लिपी डोळा आपोआप पकडतो, त्यात पोराचा काही दोष नाही. पण तो मराठीच वाचतोय, फक्त न कळणारं मराठी. त्या पेन्सिलीच्या ओळी मी खोडायला लावते, पण बदल्यात काहीतरी देते. जिथे अक्षर मुकं आहे तिथे त्याखाली टिंब. जिथे दोन अक्षरं मिळून एक आवाज करतात तिथे त्या दोघांखाली एक रेघ. एवढंच. डोळा इंग्रजी अक्षरावरच राहतो आणि आधारही मिळतो. काही महिन्यांनी टिंबंही नको होतात.

इथवरचं काम मेहनतीचं आहे, पण अवघड नाही. खरी गोम पुढे आहे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं होतं. वाचून कळणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असू दे, उत्तर शून्य. मला हे सूत्र फार पटतं, कारण ते वर्गात रोज दिसतं. माझ्याकडे एक मुलगी होती, कुठलाही उतारा खणखणीत वाचायची, पण उताऱ्यात काय आहे विचारलं की तोंडाकडे बघत राहायची. अक्षरांचा आकडा मोठा, कानाचा आकडा शून्य. इंग्रज पोरगं वाचायला शिकतं तेव्हा त्याच्या कानात ती भाषा आधीच चार-पाच वर्षं वाजलेली असते. त्याला फक्त कागद आणि कान यांची गाठ घालायची असते. आपल्या पोराला कागदही नवा आणि कानही कोरा.

कान अगदी कोरा मात्र नसतो. आमच्या पोरांच्या तोंडी असलेले इंग्रजी शब्द मी एकदा वर्गातच फळ्यावर लिहायला घेतले: मोटर, स्टार्टर, फ्यूज, वायर, पाईप, पंप, मीटर, बिल, ट्रॅक्टर, डिझेल, टायर, ब्रेक, क्लच, चार्जर, रिचार्ज, गेट, बॉटल. फळा भरला तरी पोरं थांबेनात. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर हिरव्या बटणाशी "स्टार्ट" आणि लाल बटणाशी "स्टॉप" लिहिलेलं असतं. सातवीतला पोरगा रात्रीची लाईट आली की बापाबरोबर जाऊन ते बटण दाबतो, पण त्यावरची अक्षरं त्याने कधी वाचलेली नसतात. रंगावरून काम भागतं. म्हणून मी ती अक्षरं आधी वर्गात आणली. मग युरियाची गोणी: नीम कोटेड युरिया, 46 टक्के नत्र, वजन 45 किलो. गोणीचा तुकडा पाहून एक जण ओरडला, "मॅडम, हाई तं आमना घर शे!" म्हणजे, हे तर आमच्या घरी आहे! त्या दिवशी तो पहिल्यांदा स्वतःहून उठून फळ्यापाशी आला.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मात्र मी वर्गात आणू देत नाही, रिकाम्याही नाही, धुतलेल्याही नाही. लेबलचा फोटो काढून मोठा करून आणते. लेबलावरचा, औषध किती जहाल ते सांगणारा चौकोन शेतकऱ्याच्या पोराला वाचता आलाच पाहिजे असं माझं मत आहे: त्यातला त्रिकोण लाल असेल तर सर्वात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लालवर कवटी असते आणि शब्द असतो पी-ओ-आय-एस-ओ-एन. माझ्या वर्गातल्या एका पोराने तो अक्षरं जोडत जोडत वाचला: "पॉ...इ...सन. पॉइसन." असा शब्द काही त्याने ऐकलेला नव्हता. परत वाचला, "पॉइसन". थांबला. आणि मग एकदम मान वर करून म्हणाला, "पॉयझन!"

वर्गात कुणी हसलं नाही. कपाशीच्या मुलखात हा शब्द पोरांनी पुस्तकातून शिकलेला नसतो. कुणी, कुठे, कधी "पॉयझन घेतलं" हे त्यांनी ओट्यावर बसलेल्या मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलेलं असतं. मी त्यावर काही बोलले नाही, पुढच्या ओळीवर गेले. ती ओळ होती, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

पण वाचनाच्या अंगाने त्या क्षणी जे झालं ते नीट बघण्यासारखं आहे. अक्षरांनी त्याला "पॉइसन" पर्यंत आणून सोडलं. तिथून पुढे कान आला. कानाने सांगितलं, असा शब्द नाही, पण याच्या शेजारी एक आहे. इंग्रजीत अक्षरं नेहमी शब्दाच्या जवळपास नेऊन सोडतात, उरलेली वाट कानाने चालायची असते. शब्द कानात नसता तर तो पोरगा आजही "पॉइसन" वरच उभा असता, आणि मी "चूक" म्हणून दुसऱ्याला उठवलं असतं. म्हणून आमच्याकडे कुठलाही नवा पाठ पुस्तक बंद ठेवून सुरू होतो. मी गोष्ट आधी सांगते, हातवारे करून, फळ्यावर वेडीवाकडी चित्रं काढून. अवघड शब्द पोरांच्या तोंडून दहादा वदवून घेते. कानात पडून पडून शब्द ओळखीचा झाला की मगच पुस्तक उघडायचं.

गोष्ट आधी कुठल्या भाषेत सांगायची? मी सरळ अहिराणीत सांगते, निदान सुरुवातीला. यावर भुवया उंचावतात. इंग्रजीच्या तासाला मराठीसुद्धा नको म्हणणारे आहेत, तिथे अहिराणी म्हणजे कहरच. मला उलटं वाटतं. गोष्टीत काय घडतंय हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याचं सगळं बळ अक्षरांसाठी मोकळं राहतं. अमेरिकेत 1988 मध्ये रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आमच्या पोरांना समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचा उतारा दिला की ती कच्ची ठरतात. कापसाचा वजनकाटा, व्यापारी आणि पावसाळी हवा यांच्यावर दिला तर बघा.

मी दिला. तीन वाक्यं स्वतःच लिहिली. मराठीत सांगायचं तर: रामूचा कापूस अंगणात होता. आभाळ काळं झालं. रामू घराकडे पळाला. खाली दोन प्रश्न. पहिला, कोण पळालं? दुसरा, का पळालं? पहिल्याचं उत्तर सगळ्यांनी लिहिलं. त्यात काही राम नाही. "झिपला मोडूत गरवत होता" असं अर्थ नसलेलं वाक्य देऊन मी तुम्हाला विचारलं, झिपला कुठे गरवत होता, तर तुम्हीही "मोडूत" म्हणाल आणि पूर्ण गुण घ्याल. परीक्षेतले निम्मे प्रश्न असेच असतात, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडका आणि ती ओळ उतरवा. पोरं यात तरबेज होतात आणि आपण म्हणतो, वाचन सुधारलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही. पाऊस हा शब्दच नाही. बहुतेकांनी "रामू रॅन होम" हीच ओळ परत उतरवली. मागच्या बाकावरची एक पोरगी मात्र काही न लिहिता बसली होती. जवळ जाऊन विचारलं तर हळूच म्हणाली, "त्याले वाटनं आते पानी पडी जाई, म्हनीसन तो पयना. कापूस वला व्हई ना मॅडम." ओला कापूस व्यापारी भाव पाडून मागतो, हेही तिने वर सांगितलं. तीन इंग्रजी वाक्यं वाचून, न लिहिलेला पाऊस तिला दिसला होता. मी तिला पूर्ण गुण दिले. उत्तर इंग्रजीत लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे, ते वेगळ्या दिवशी तपासू. त्या दिवशी मला वाचन तपासायचं होतं आणि वाचन तिला वर्गात सगळ्यात चांगलं आलं होतं. स्टाफरूममध्ये यावरून चर्चा झाली, अजूनही होते.

अहिराणीचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. आमच्याकडे "ळ" चा "य" होतो. पोरगं घरी "शाया" म्हणतं, "डोया" म्हणतं, "पयना" म्हणतं. मराठीच्या पुस्तकात मात्र शाळा, डोळा, पळाला असं छापलेलं असतं आणि ते पोरगं बिनतक्रार तसं वाचतं. म्हणजे लिहिलेलं आणि बोललेलं यांत फरक असतो, तरी अर्थ एकच राहतो, हे खानदेशी पोराला पहिलीपासून ठाऊक आहे. इंग्रजीत "नाइफ" च्या आधी "के" बसलेला दिसला की पुण्या-मुंबईचं पोरगं गोंधळत असेल, माझ्या पोरांना मी एवढंच सांगते, "तुम्ही शाळा लिहितात अन् शाया म्हणतात ना, तसं त्यांचंही." हसतात आणि पुढे जातात.

वर्गाने एका सुरात वाचण्याबद्दल थोडंच सांगते. ते ऐकायला छान वाटतं, पण त्यात चार-पाच पोरं वाचत असतात आणि बाकीची ओठ हलवत असतात. त्याऐवजी मी जोड्या लावते. एक वाचतो, दुसरा बोट फिरवतो, मग अदलाबदल. तोच उतारा चार-पाचदा. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावतात, होऊ द्या. दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस येतात आणि निम्म्या जोड्या फुटतात, तेव्हा काय करायचं याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. आईबरोबर वावरात गेलेली पोर पंधरा दिवसांनी येते तेव्हा तिचा हात तेवढा चालतो, जीभ अडखळते.

पालक तुलना करतात ती तालुक्याच्या गावातल्या इंग्लिश मीडियमशी. पिवळी बस गावात येते, टाय घातलेलं पोरगं उतरतं आणि पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवतं. "मॅडम, आपला पोऱ्या असं काही बोलत नाही." मी त्यांना सांगते, आपल्या पोऱ्याच्या हातात औषधाचं लेबल द्या, तो वाचून काय आहे ते सांगेल. काहींना पटतं. काही पुढच्या जूनमध्ये दाखला काढून नेतात.

सध्या अडलंय ते एका बारीक गोष्टीत. गोण्या, लेबलं, स्टार्टर, दुकानांच्या पाट्या, रेल्वे स्टेशनचे बोर्ड, सगळीकडे इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतं. पुस्तकात असतात लहान अक्षरं. "युरिया" मोठ्या अक्षरांत सहज वाचणारी पोरं लहान अक्षरांत तोच शब्द दिला की थबकतात, आणि लहान "बी" व "डी" ची अदलाबदल तर सातवीतही सुरू असते. त्यामुळे मला लहान अक्षरांतलं साधं इंग्रजी हवंय, आमच्या आसपास सापडणारं. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू पाहिली, अक्षरं मुंगीएवढी आणि शब्द रसायनशास्त्रातले. बियाण्याच्या पाकिटातलं माहितीपत्रकही तसंच. ठिबकच्या सामानाबरोबर येणारी जोडणीची चित्रमाला बरी वाटतेय, छोटी वाक्यं आहेत आणि पोरांनी ते काम हाताने केलेलं आहे. पुढच्या आठवड्यात तीच फोटोकॉपी करून वाटणार आहे. तुमच्या घरात, दुकानात, वावरात असं काही पडलं असेल तर फोटो पाठवा, फक्त अक्षरं लहान लिपीतली आणि ठळक हवीत.